आतला आधी

सर्कलवर कोंडी झाली की आपल्याकडे खापर फुटते ते माणसांच्या स्वभावावर. लोकांना शिस्त नाही, रिक्षावाले कुठेही घुसतात, दुचाकीवाल्यांना जिवाची पर्वा नाही, आणि एवढे बोलून झाले की 'आपल्या लोकांना हे जमायचेच नाही' हा ठरलेला निकाल. नाशिकच्या मुंबई नाक्यापासून मडगावच्या कोलवा सर्कलपर्यंत कुठेही गर्दीच्या वेळी कान दिला तर हेच ऐकू येईल. हे निदान फार सोयीचे आहे, कारण स्वभावाला औषध नसते आणि त्यामुळे कोणालाच काही करावे लागत नाही. मला ते पटत नाही. सर्कलवरचा प्रश्न सभ्यतेचा कमी आणि क्रमाचा जास्त आहे. कोणी आधी जायचे एवढे ठरले असेल, तर उद्धट माणसेही तिथून सुखरूप पार होतात; ते ठरलेले नसेल, तर सज्जनांचाही खोळंबाच होतो. आणि हा क्रम ठरण्याची जागा सर्कलच्या आत नाही, त्याच्या तोंडाशी आहे. कुठे थांबायचे, कोणती लेन धरायची, इंडिकेटर कोणता द्यायचा, हे सगळे आत शिरण्यापूर्वीच्या पन्नास-साठ मीटरांत उरकायचे काम आहे. 'आत तर जाऊ, मग बघू' असे म्हणणारा चालक मनाने कितीही चांगला असला तरी सर्कल बंद पाडायला हातभारच लावतो.

सर्कल बंद कसे पडते ते आधी पाहू. चार रस्ते मिळतात असे एक सर्कल घ्या. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने चालते, म्हणून मधले बेट उजव्या हाताला ठेवून सगळे फिरतात. दक्षिणेकडून आलेल्याला आधी पश्चिमेचा रस्ता लागतो, मग उत्तरेचा, मग पूर्वेचा. समजा पूर्वेच्या रस्त्यावर, बाहेर पडल्या पडल्या, रिक्षास्टँड आहे आणि दोन रिक्षा भाडे घ्यायला आडव्या उभ्या राहिल्या. पूर्वेला जाणाऱ्या गाड्या सर्कलच्या आतच थबकतात. त्यांची रांग मागे सरकत उत्तरेच्या फाट्यापुढे येते, म्हणजे ज्यांना उत्तरेला जायचे आहे, ज्यांचा त्या रिक्षांशी काडीचा संबंध नाही, तेही अडकतात. त्यांच्या मागे पश्चिमेवाले अडकतात, आणि रांग फिरत फिरत पुन्हा पूर्वेपाशी येते. सरळ रस्त्यावरच्या कोंडीला पुढचे टोक असते आणि तिथून ती सुटत जाते. गोल रांगेला टोकच नसते. प्रत्येक गाडी कोणाच्या तरी पुढे आणि कोणाच्या तरी मागे, आणि या क्षणी त्यातला एकही माणूस काही गैर करत नसतो. गैर जे व्हायचे ते आधीच होऊन गेलेले असते: जेवढे बाहेर पडत होते त्यापेक्षा जास्त लोकांनी आत गाडी घातलेली असते.

म्हणून सर्कलचा सगळा खेळ एका प्रश्नावर येऊन थांबतो. आत फिरत असलेला आणि आत येऊ पाहणारा समोरासमोर आले, तर थांबायचे कोणी? येणाऱ्याला आधी सोडले, तर आतला थांबतो. आतला थांबला की बाहेर पडणे मंदावते. आणि आत येणे मात्र चालूच राहते. गर्दी जितकी वाढेल तितके हे चक्र घट्ट होत जाते. उलट आतल्याला आधी सोडले, तर सर्कल भरत आले की येणाऱ्याला फट मिळत नाही, तो तोंडाशीच थांबतो, आणि आतले निचरा होऊन जातात. हा नियम स्वतःच स्वतःला आवर घालतो. त्यासाठी शिट्टी लागत नाही, दिवा लागत नाही.

हे आज उघड वाटते, पण जगाला ते उमगायला साठ वर्षे लागली. गोल फिरणारी वाहतूक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलवर विल्यम फेल्प्स ईनो यांनी १९०५ च्या सुमारास सगळ्यांना एकाच दिशेने फिरवले, आणि पॅरिसच्या एत्वाल चौकात युजेन एनार यांच्या कल्पनेतून १९०७ मध्ये तेच झाले. दिशा ठरली, क्रम ठरला नाही. वर्तुळ मोठे केले, त्याची बाजू लांब ठेवली, की गाड्या एकमेकींत गुंफत जातील आणि आपोआप बाहेर पडतील, अशी अभियंत्यांची समजूत होती. अमेरिकेतली मोठमोठी सर्कल पन्नासच्या दशकापर्यंत इतकी बदनाम झाली की पुढे कित्येक वर्षे तिथे नवे सर्कल बांधायचे नाव कोणी काढले नाही. ब्रिटनमध्येही सुट्टीच्या दिवशी सर्कल जाम होणे नित्याचे होते. तिथे नोव्हेंबर १९६६ मध्ये देशभर एक नियम लागू झाला: सर्कलमध्ये शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्याला, म्हणजे आत फिरणाऱ्याला, आधी जाऊ द्यायचे. बेटे तीच, चालक तेच, गाड्याही त्याच. सर्कलचे जाम होणे मात्र सुटले, आणि त्यानंतर सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या फ्रँक ब्लॅकमोर यांनी दाखवून दिले की एकदा हा नियम असला की सर्कल अवाढव्य असण्याची गरजच नाही. फ्रान्समध्ये गाडी उजवीकडून चालते आणि जुन्या नियमानुसार उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला, म्हणजे सर्कलवर नेमका शिरणाऱ्याचा. त्यामुळे त्यांची सर्कल तुंबत. ऐंशीच्या दशकात त्यांनी बहुतेक ठिकाणी तो नियम उलटा केला. एत्वाल चौकात मात्र आजही शिरणाराच पहिला, आणि बारा रस्त्यांचा तो चौक जगभरच्या चालकांना धडकी भरवतो. फ्रेंच माणसाचा स्वभाव बाकीच्या सर्कलवर एक आणि एत्वालवर दुसरा असतो, असे तर कोणी म्हणणार नाही.

आता आपल्याकडे या. गंमत अशी की आपला कायदा पहिल्यापासून बरोबर होता. १९८९ च्या रस्ते नियमावलीत स्पष्ट म्हटले होते की प्रमुख रस्ता म्हणून जाहीर झालेल्या रस्त्यावर शिरत असाल तर तिथल्या वाहनांना, आणि एरवी आपल्या उजवीकडून चौकात येणाऱ्या सर्व वाहनांना आधी वाट द्यावी. डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीत आत फिरणारा हा नेहमी शिरणाऱ्याच्या उजवीकडूनच येतो, म्हणजे सर्कलचा क्रम या एका वाक्यात बसलेला आहे. २०१७ मध्ये त्या नियमावलीची जागा नव्या चालन-विनियमांनी घेतली, पण या तत्त्वाला धक्का लागला नाही. आरटीओच्या लर्नर लायसन्सच्या परीक्षेत, सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात काय कराल, या प्रश्नाला 'उजवीकडून येणाऱ्या वाहनांना वाट देऊ' या उत्तरावर खूण करावी लागते. म्हणजे लाखो लोकांनी या नियमाखाली कधी ना कधी टिचकी मारलेली आहे. मग बिघडले कुठे? माझ्या मते बिघडले ते रस्त्याच्या आखणीत. इंडियन रोड्स काँग्रेसची सर्कलसाठीची संहिता १९७६ ची. तिच्यातले क्षमतेचे सूत्र मुळात ब्रिटनमधल्या वॉर्ड्रॉप यांच्या पन्नासच्या दशकातल्या कामावरून आलेले, म्हणजे गाड्या एकमेकींत गुंफत जातील या जुन्या समजुतीवर उभे. ब्रिटनने ती समजूत सोडली १९६६ मध्ये. आपण ती दहा वर्षांनी छापली आणि २०१७ ची सुधारित आवृत्ती येईपर्यंत चाळीस वर्षे तिच्यावर सर्कल आखत राहिलो. रुंद तोंडे, प्रशस्त गोल, तोंडाशी ना थांबरेषा ना पाटी. कायदा सांगतो थांब, आणि रस्ता सांगतो ये, जागा भरपूर आहे. अशा वेळी माणूस रस्त्याचे ऐकतो.

त्याच्याही मागे जायचे तर आपल्या शहरांतली सर्कल वाहतुकीसाठी जन्मलीच नव्हती. मुंबईचे हॉर्निमन सर्कल १८७२ मध्ये पूर्ण झाले तेव्हा रस्त्यावर घोडागाड्या होत्या. गोल हा तेव्हा शहराच्या शोभेचा भाग होता. पुढेही आपण मधल्या बेटाकडे शोभेची जागा म्हणूनच पाहत आलो: कारंजे, बाग, पुतळा, नगरसेवकाच्या नावाची कमान. सार्वजनिक रस्त्यांवर नवे पुतळे आणि बांधकामे यांना परवानगी देऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये राज्यांना बजावले, पण बेटाच्या मध्यात काय आहे हा वाहतुकीच्या दृष्टीने तसा दुय्यम मुद्दा आहे. मध्यभागी उंच काही असल्याने समोरचे दिसले नाही तर उलट वेग कमी होतो, तो फायदाच. घात करतात ती तोंडावरची फ्लेक्सची पोस्टरे. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा दहा फुटी फलक नेमका उजव्या बाजूला लागतो, आणि ज्याच्यासाठी थांबायचे तो उजवीकडून येणाराच त्याच्याआड जातो.

लेनचे गणित या क्रमाच्या पोटातच आहे. दोन लेनचे सर्कल असेल तर डावीकडच्या पहिल्या रस्त्याने जाणाऱ्याने डावी लेन धरायची. उजवीकडे जाणाऱ्याने किंवा पूर्ण वळसा घालून परत फिरणाऱ्याने उजवी. सरळ जाणाऱ्याने रस्त्यावरच्या बाणांप्रमाणे, बाण नसतील तर शक्यतो डावी. उजव्या लेनमध्ये असलेल्याने आपल्या आधीचा फाटा मागे पडला की डावा इंडिकेटर द्यायचा, डाव्या आरशात पाहायचे आणि बाहेर पडायचे. बस्स, एवढेच. आपल्याकडे होते असे की तोंडाशी कोणी काही ठरवत नाही, सगळे मिळेल त्या फटीतून आत येतात, आणि आत आल्यावर जवळचा मार्ग म्हणून बेटाच्या कडेला चिकटतात. मग आपला फाटा आला की तिथून थेट डावीकडे कट मारतात. त्याच वेळी बाहेरच्या कडेने चाललेला एखादा पुढच्या फाट्यासाठी फिरतच असतो. दोघांच्या रेषा फाट्यापाशी एकमेकींना छेदतात. त्या छेदात एसटी असेल तर प्रकरण जिवावर येते. चालक उजव्या बाजूला उंचावर बसलेला. डाव्या पुढच्या कोपऱ्याखालचे त्याला जवळजवळ दिसत नाही. शिवाय लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून, पदपथाच्या जवळून जातात. बस डावीकडे बाहेर पडू लागली की तिच्या आणि पदपथाच्या मधली जी फट दुचाकीवाल्याला पुरेशी वाटली होती, ती मागच्या चाकापाशी येईपर्यंत उरलेली नसते. इथे दोघांपैकी कोणाचा स्वभाव वाईट हे विचारण्यात अर्थ नाही. दोघांनीही जागा उशिरा निवडली.

आणखी एक वर्ग आहे तो वळसाच टाळणारा. उजवीकडे जायचे आहे, पूर्ण फेरा कशाला, म्हणून बेटाच्या डाव्या अंगाऐवजी उजव्या अंगाने उलटा निघतो. सर्कलची दिशा प्रदक्षिणेचीच असते, बेट उजव्या हाताला. शंकराच्या देवळात मात्र सोमसूत्र ओलांडायचे नाही म्हणून भक्त अर्ध्यातून मागे फिरतो. आपला दुचाकीस्वार प्रत्येक चौकातल्या पुतळ्याला शिवलिंगाचाच मान देतो. विनोद सोडला तर हा प्रकार साध्या नियमभंगापेक्षा वाईट आहे, कारण शिरणाऱ्याची नजर फक्त उजवीकडे असते, आणि डावीकडून कोणी येईल अशी त्याची कल्पनाही नसते.

इंडिकेटरबद्दल आपल्याकडे एक खास रूढी आहे: सरळ जायचे असेल तर चारही इंडिकेटर लावायचे. चालकाच्या मनात हेतू चांगला असतो, 'मी कुठेही वळत नाही' असे त्याला सांगायचे असते. पण पुढच्या तोंडाशी थांबलेल्या माणसाला त्या गाडीची फक्त डावी बाजू दिसते. त्याला दिसतो तो लुकलुकणारा डावा दिवा, आणि तो समजतो की ही गाडी आता बाहेर पडते आहे. तो गाडी घालतो, आणि समोरची गाडी सरळ येते. धडक झाली की दोघेही शपथेवर सांगतात की आपण बरोबर होतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. डिपरचेही तसेच. ब्रिटनमध्ये समोरच्याने दिवा मारला तर बहुतेक लोक 'या तुम्ही' असे समजतात. आपल्याकडे त्याचा अर्थ 'मी थांबणार नाही' असा. रिक्षावाला हात काढतो, मागे बसलेला माणूस चालकाच्या वतीने हात दाखवतो, ट्रकचा क्लीनर दारावर थाप मारतो. खुणांची आपल्याकडे कमतरता नाही, त्यांचा अर्थ मात्र सर्वांना एकच नाही. वास्तविक सर्कलवर एकच खूण अत्यावश्यक आहे, बाहेर पडतानाचा डावा इंडिकेटर, कारण तोंडाशी थांबलेल्याला हवी असते ती तेवढीच माहिती. आपल्याकडे नेमका तोच सर्वांत कमी वापरला जातो. सरळ किंवा उजवीकडे जाणारा माणूस शेवटी डावीकडेच बाहेर पडत असतो, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

सौजन्याचा उलटा प्रकारही सांगायला हवा, कारण त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सर्कलमध्ये फिरता फिरता एखादा भला माणूस थांबतो आणि तोंडाशी ताटकळलेल्याला 'चला' म्हणून हात करतो. वरवर पाहता यात आक्षेप घेण्यासारखे काय? पण त्याच्यामागचा ब्रेक दाबतो, त्याच्यामागचा आणखी जोरात दाबतो, आणि शेजारच्या लेनमधल्याला हा हात दिसलेलाच नसतो. बोलावलेली गाडी एका लेनमध्ये सुरक्षित आणि दुसऱ्या लेनमध्ये थेट कोणाच्या तरी पुढ्यात. वर सांगितलेल्या गोल रांगेची सुरुवात अशा एखाद्या मेहेरबानीनेही होऊ शकते. वाहतूक पोलीसही पुष्कळदा याच मोहात पडतात: एका रस्त्यावर रांग वाढलेली दिसली की आत फिरणाऱ्यांना अडवून तो रस्ता सोडतात, आणि पाच मिनिटांत सर्कल आतून भरते. सर्कलमध्ये थांबण्याची कारणे मोजकीच: रुग्णवाहिका, पुढे प्रत्यक्ष अडथळा, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर झेब्रा ओलांडणारा माणूस.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लेन वगैरे परदेशातल्या मोटारींसाठी ठीक. आपल्या रस्त्यावर बस, टेम्पो, रिक्षा, सायकल, हातगाडी आणि दुचाकींचे थवे एकत्र चालतात, त्यांना लेनमध्ये कसे बसवणार? आपल्या संहितेलाही हे माहीत आहे. १९७६ च्या कोष्टकात मोटार १ धरली तर बस आणि जड वाहन २.८, मोटारसायकल ०.७५, सायकल ०.५, आणि जनावरांच्या गाडीला ४ ते ६ असे वजन दिलेले आहे. आक्षेप लेनच्या बाबतीत बराचसा खरा आहे. क्रमाच्या बाबतीत मात्र लागू पडत नाही. चार दुचाकी एका लेनमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहिल्या तरी त्या तोंडाशी थांबू शकतात. उजवीकडून येणाऱ्याला वाट देण्यासाठी रस्त्यावर पट्टे असावेच लागत नाहीत. आणि लेन पाळणे जिथे खरेच जमत नाही, तिथे उपाय लेन वाढवण्याचा नसून कमी करण्याचा आहे. एकाच गाडीपुरते अरुंद सर्कल असले की लेन निवडण्याचा प्रश्नच संपतो. जिथे दोन लेन हव्यातच, तिथे नेदरलँड्सचा दाखला आहे. डेल्फ्टचे लाम्बर्टस फोर्टाइन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या तथाकथित टर्बो सर्कलमध्ये लेनच्या मधे उंचवटे असतात. शिरण्यापूर्वीच लेन निवडावी लागते आणि आत गेल्यावर ती बदलताच येत नाही. दुचाकींच्या देशात ते उंचवटे धोक्याचे ठरतील ही शंका रास्त आहे, आणि ते जसेच्या तसे उचलावे असे मी म्हणणार नाही. पण त्यामागचा विचार, निर्णय तोंडाशी घ्यायला लावण्याचा, आपल्यालाही लागू आहे. दुचाकीस्वाराला तर तो सर्वांत जास्त हवा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यातली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. ऐनवेळच्या कटचा हिशेब शेवटी तोच चुकता करतो.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. नियम करा, पट्टे मारा, आपली माणसे पाळणार नाहीत. दंडाशिवाय आपल्याला काही कळत नाही. यातला पहिला भाग रत्नागिरी-रायगडकडची आखातात गाडी चालवणारी माणसे रोज खोटा ठरवतात. मस्कतच्या राउंडअबाउटवर तोच माणूस आतल्यासाठी थांबतो आणि सुट्टीत घरी आला की चिपळूणात थांबत नाही. तिथे दंड जबर आहे म्हणून थांबतो, असे कोणी म्हणेल. मान्य, पण दंड करायला आधी मोडलेली रेषा दाखवावी लागते. आपल्या बहुतेक सर्कलच्या तोंडाशी 'इथे थांबा' असे सांगणारी रेषाच नाही. हवालदाराने पावती फाडायची ती कशाची? थांबायची जागा आखलेली नसताना न थांबल्याबद्दल माणसाला दोष देणे हे नुसते अन्यायाचे नाही, निरुपयोगीही आहे. शिवाय तोंड अरुंद केले, आत शिरताना गाडीला डावीकडे वाकावे लागेल अशी कड बांधली, तर वेग आपोआप तीसच्या घरात येतो आणि तीसच्या वेगात थांबणे कोणाला जड जात नाही. साठच्या वेगात आलेल्याला क्रम पाळ म्हणून सांगण्यात काय हशील?

हा सगळा खटाटोप करायचा कशासाठी, त्यापेक्षा सरळ सिग्नल बसवावा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी सुरक्षिततेचा मुद्दा. साध्या चार रस्त्यांच्या चौकात वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना छेदतात किंवा भिडतात. एकेरी लेनच्या सर्कलवर ८ ठिकाणी. आणि जिथे भिडतात तिथे समोरासमोर किंवा काटकोनात नव्हे, तर एकाच दिशेने तिरप्या, कमी वेगात. अमेरिकेत दोन डझनांच्या आसपास चौकांचे सर्कल केल्यानंतरचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण अपघात ३८ टक्क्यांनी आणि जखमी करणारे अपघात ७६ टक्क्यांनी घटलेले आढळले. हे आकडे आपल्याकडे तसेच्या तसे लागू होतील असा दावा करणे भाबडेपणाचे होईल. तिथली वाहतूक मोटारींची आणि माणसे रस्त्यावर तुरळक. पण सिग्नल तोडणारा काटकोनात, पूर्ण वेगात येऊन धडकतो आणि सर्कलवर चुकणारा बाजूला घासतो, हा फरक कुठल्याही देशात तोच राहतो. रात्री अकरानंतर आपल्या शहरातले किती सिग्नल पाळले जातात हे ज्याचे त्याने आठवावे.

सर्कलची खरी कमजोरी वेगळी आहे, आणि त्यावर बोलायला सर्कलचे समर्थक कचरतात. ती म्हणजे पायी चालणारा. सिग्नलला निदान एक क्षण असा येतो की सगळ्या गाड्या थांबतात. सर्कलवर वाहतूक कधीच थांबत नाही, ती नुसती मंदावते. शिरणारा उजवीकडे बघत असतो, त्यामुळे डावीकडून रस्ता ओलांडणारी शाळकरी पोरे त्याच्या नजरेत येत नाहीत. अंध व्यक्तीला तर गाडी फिरत राहणार की बाहेर पडणार हे आवाजावरून ओळखता येत नाही. दोन-तीन लेनचे सर्कल असेल तर एक गाडी थांबली तरी शेजारची थांबेलच असे नाही. यावरची तोड ठाऊक आहे: झेब्रा अगदी तोंडाशी न आखता एका मोटारीच्या लांबीइतका मागे घ्यायचा, म्हणजे बाहेर पडणारी एक गाडी सर्कल न अडवता त्याच्यासाठी थांबू शकते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या वाहतुकीच्या मधे छोटा दुभाजक-चौथरा ठेवायचा, म्हणजे माणसाला एका वेळी एकाच दिशेकडे पाहून अर्धा रस्ता ओलांडता येतो. आपल्याकडे हा चौथरा असतो, पण त्यावर फ्लेक्सचे खांब, महावितरणचा डबा आणि कधी कधी पोलीस चौकीही असते. ज्या सर्कलवर हे दुरुस्त करता येत नाही, विशेषतः स्टेशन, शाळा किंवा मंडईजवळ, तिथे मी स्वतः सिग्नलच्या बाजूने कौल देईन.

उरतो संख्येचा प्रश्न. सर्कल अमर्याद वाहतूक पेलत नाही. १९७६ च्या संहितेनेच सर्व रस्त्यांवरून मिळून ताशी सुमारे ३००० वाहने ही त्याची वरची मर्यादा सांगितली होती. त्यापलीकडे गेलेल्या चौकात आतला आधी हा नियम कितीही पाळला, तरी तोंडावरच्या रांगा संपणार नाहीत. फक्त आत कोंडी होणार नाही एवढेच. अशा ठिकाणी सिग्नल, उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग यांचा विचार करायलाच हवा. परंतु तो करण्याआधी मोजणी हवी, आणि आपल्या महापालिकांची सवय याच्या उलट आहे. कोंडीच्या तक्रारी वाढल्या की आधी बेट लहान करायचे, मग काढूनच टाकायचे. बेट लहान केले की फिरण्याची जागा वाढते आणि तोंडे आणखी रुंद होतात, म्हणजे जिथे थांबायला हवे तिथे न थांबण्याची सोय होते. त्याऐवजी त्याच खर्चाच्या थोड्या भागात तोंडावर थांबरेषा आणि वाट द्या अशी पाटी, शंभर मीटर आधीपासून लेनचे बाण, डाव्या कडेला वाकवलेला पदपथ, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर पन्नास मीटरांत रिक्षास्टँड, बसथांबा आणि वडापावच्या गाड्यांना मनाई, आणि उजवीकडची नजर मोकळी ठेवणारा फलकमुक्त पट्टा, एवढे करून सहा महिने पाहता येईल. पांढरा रंग महाग नाही. महाग पडते ते स्टँड हलवणे आणि फलक उतरवणे, कारण त्यासाठी कोणाला तरी नाराज करावे लागते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी आधी उड्डाणपुलाचा प्रस्ताव जातो, आणि गाड्यांची मोजणी झालीच तर त्या प्रस्तावाला जोडण्यासाठी होते.